चावडी, कोठडी आणि न्यायासन

मुंबईच्या हार्बर रेल्वेने जाणाऱ्या-येणाऱ्या वाचकांस रे रोड हे स्थानक परिचयाचे असेलच. परंतु कामावाचून तेथे उतरण्याचा प्रसंग फारच थोड्यांवर आला असेल. १९१० च्या डिसेंबरात कुर्ल्याहून निघालेली ही शाखा प्रथम येथेच येऊन थांबत असे. उंचावरून रूळ नेऊन ती बोरीबंदरास जोडण्यास १९२५ साल उजाडावे लागले. स्थानकाच्या पूर्वेस दारूखाना, लाकडी बंदर, कौला बंदर, म्हणजे फोडलेल्या जहाजांच्या लोखंडाचा आणि त्या लोखंडावर पोट भरणाऱ्यांचा मुलूख. पश्चिमेस माझगाव आणि भायखळा. ह्या पश्चिमेच्या अंगास पायी निघाले, तर अर्ध्या-पाऊण तासात माझगावचे न्यायालय, भायखळ्याचा तुरुंग आणि जे. जे. रुग्णालयाचे शवागार, ही तिन्ही ठिकाणे क्रमाने लागतात. गुन्ह्याच्या तपासापासून शिक्षेपर्यंतचा सारा संसार येथे एकाच टापूत, पण वेगवेगळ्या घरांत मांडलेला आहे.

हा संसार एकाच घरात का मांडू नये, असा प्रश्न आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस केला, आणि प्रस्तुत लेखास तोच कारण झाला आहे. हे गृहस्थ भंगाराच्या व्यापारातील. त्यांच्या गाळ्यात चोरी झाली, चोर सापडला आणि साक्षीदार म्हणून ह्यांना न्यायालयाचे समन्स आले. न्यायालय कोणते, हे सांगण्याचे येथे कारण नाही. पहिल्या खेपेस आरोपीस तुरुंगातून आणण्यास पहारेकरी शिपाई मिळाले नाहीत. दुसऱ्या खेपेस आरोपी आला, पण मुद्देमाल पोलीस ठाण्यातच राहिला. तिसऱ्या खेपेस तपास करणारे अंमलदार दुसऱ्याच न्यायालयात गुंतले होते. चौथ्या खेपेचे कारण आमच्या स्नेह्यांस आता आठवतही नाही. "अहो, ठाणे, कोर्ट, कोठडी, सरकारी वकिलांची कचेरी, सगळे एकाच इमारतीत आणा," ते आम्हांस त्राग्याने म्हणाले, "खाली ठाणे, वर कोर्ट. जिना चढला की काम झाले!"

त्यांचा त्रागा खोटा नव्हता. खटल्यांच्या दिरंगाईत कायद्याच्या घोळाइतकाच रस्त्यावरच्या खेपांचाही वाटा असतो, हे कोणताही वकील सांगेल. अशी संयुक्त इमारत बांधावी, असे योजणारांच्या हेतूविषयीही आम्हांस शंका नाही. परंतु ही कल्पना नवी आहे असा जो समज दिसतो, तो मात्र खरा नव्हे. खाली ठाणे आणि वर न्यायासन, अशा घरात आपल्या पूर्वजांनी पिढ्यानपिढ्या काढल्या आहेत. आणि त्या घरातून बाहेर पडण्यासाठी त्यांस किती खटपट करावी लागली, ती हकिकत आज विस्मृतीत गेली आहे.

पेशवाईतील पुण्याचा कोतवाल हा ह्या एकछत्री कारभाराचा ठळक नमुना होय. शहराची गस्त त्याच्याकडे, बाजाराची देखरेख त्याच्याकडे, लहानसहान फिर्यादींचा निवाडा आणि दंडाची वसुलीही त्याच्याकडेच. पकडणारा तो, निवाडा करणारा तो आणि कोंडून ठेवणाराही तोच. १७७७ साली हा अधिकार घाशीराम सावळदास ह्यांजकडे आला. १७९१ च्या ऑगस्टात पुण्यास आलेल्या काही तेलंगी ब्राह्मणांस कोतवालाच्या माणसांनी धरून एका लहानशा कोठडीत रात्रभर कोंडले, आणि सकाळपर्यंत त्यांतील वीसाहून अधिक गुदमरून मेले. पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. खवळलेल्या जमावाने घाशीरामास दगडांनी ठेचून मारले. ह्या प्रकरणातील क्रौर्यावर नाटके झाली, वादही पुष्कळ झाले. आमचे लक्ष मात्र एका लहानशा तपशिलाकडे वेधते. कोठडीचे कुलूप उघडले ते कोतवालाच्या कोणा माणसाने नव्हे. मानाजी शिंदे फाकडे ह्या सरदाराने ते तोडविले आणि वर्दी वरपर्यंत पोहोचली. आत सापडलेल्या माणसाने गाऱ्हाणे न्यावे कोणाकडे? ज्याच्याकडे न्यावयाचे, त्याच्याच कमरेला किल्ली!

इंग्रजी अमलात कोतवालाची चावडी गेली, पण तिच्या जागी मामलेदाराची कचेरी आली. आमच्या वाचकांपैकी ज्यांचे बालपण तालुक्याच्या गावी गेले असेल, त्यांस ती दगडी इमारत आठवत असेल: मोठी कमान, तिच्याशी बंदूकधारी शिपाई, मधोमध मामलेदारसाहेबांची खोली, एका बाजूस खजिना, दुसरीकडे फौजदारांचे दप्तर आणि मागच्या अंगास गजांची कोठडी. सारा वसूल करणारे मामलेदारच दुपारनंतर मॅजिस्ट्रेट होऊन बसत. ज्याने सारा थकविला आणि ज्याच्यावर फौजदारी झाली, तो माणूस अनेकदा एकच असे, आणि दोन्ही वेळा त्याच्यापुढे साहेबही तेच असत. सोयीच्या दृष्टीने पाहिले तर ह्याहून सोयीची इमारत कोणी बांधली नसेल.

ह्या सोयीचे मोल किती पडत होते हे उघड झाले, ते ज्यांच्या नावाचा हा रस्ता आहे त्यांच्याच कारकीर्दीत. लॉर्ड रे हे १८८५ ते १८९० मुंबईचे गव्हर्नर होते. १८८८ साली मध्य विभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड ह्यांजवर, नेमणुका व बदल्यांसाठी हाताखालच्या मामलेदारांकडून पैसे घेतल्याचा आरोप येऊन चौकशी बसली. लाचलुचपतीच्या आरोपातून क्रॉफर्डसाहेब सुटले. एतद्देशीयांकडून कर्जे काढल्याबद्दल मात्र त्यांस नोकरी गमवावी लागली. साक्ष देणाऱ्या मामलेदारांस सरकारने अभय दिले होते. ते पाळावे की मोडावे ह्यावर विलायतेपर्यंत वाद माजला, आणि मामलेदारांची बाजू घेण्यात टिळक पुढे होते. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. पैसे देऊन जागा मिळविलेली ही माणसे त्या जागांवर बसून मॅजिस्ट्रेटकीही करीत होती. त्यांच्यापुढे उभ्या राहिलेल्या आरोपींचे काय झाले, ह्याची चौकशी कोणी केली नाही. महसूल आणि न्याय ह्यांची फारकत करावी ही काँग्रेसची मागणी तिच्या अगदी आरंभीच्या वर्षांपासूनची. ती आपल्या प्रांतात पूर्णपणे अमलात येण्यास १९५१ चा कायदा आणि १९५३ चा जुलै महिना उजाडला.

मुंबई शहराची गोष्ट थोडी निराळी. येथे पहिले इंग्रजी न्यायालय जेराल्ड ऑंजियर ह्या गव्हर्नराने ८ ऑगस्ट १६७२ रोजी समारंभाने उघडले. परंतु पोलिसांचा कारभार जसा वाढला, तसा निवाड्याचा अधिकार हळूहळू त्याच्या पदरात पडत गेला. १७७९ साली 'लेफ्टनंट ऑफ पोलीस' म्हणून नेमलेले जेम्स टॉड पुढे स्वतःच लाचखोरीच्या आरोपावरून न्यायालयापुढे उभे राहिले. त्यांच्यामागून 'सुपरिंटेंडेंट' आले, आणि पकडलेल्या माणसास ज्यूरीवाचून फटके मारावयाचे, मजुरीस लावावयाचे किंवा बेटाबाहेर घालवून द्यावयाचे, हा त्यांचा नित्याचा क्रम झाला. ह्यास हरकत घेतली ती मुंबईचे रेकॉर्डर सर जेम्स मॅकिंटॉश ह्यांनी. मायदेशी परतण्यापूर्वी, १८११ साली, त्यांनी ह्या अधिकारास कायद्याचा आधारच नाही असे स्पष्ट बजाविले, आणि १८१२ चा नियम त्यातून निघाला. मॅजिस्ट्रेट पोलिसांपासून पूर्णपणे वेगळा होण्यास पुढे पुष्कळ काळ जावा लागला. पण दिशा बदलली ती येथे.

नाव मात्र बदलले नाही. गिरगाव, माझगाव आणि कोट येथील मॅजिस्ट्रेटांच्या न्यायालयांस लोक 'पोलीस कोर्ट'च म्हणत राहिले. हे नाव आले विलायतेहून. लंडनच्या बो स्ट्रीटवर हेन्री फील्डिंग ह्या कादंबरीकार मॅजिस्ट्रेटाने १७४९ च्या सुमारास आपल्या राहत्या घरातच न्यायासन मांडले आणि चोर धरण्यास माणसेही तेथूनच पाठविली. घर एक, काम दोन. पुढे १८३९ च्या कायद्याने तेथील मॅजिस्ट्रेटांच्या हाताखालचे शिपाई काढून घेतले गेले. १८८१ च्या सुमारास तेथे नवी इमारत उठली, तीत ठाणे आणि न्यायालय शेजारी-शेजारी ठेवले. पण 'पोलीस कोर्ट' हे नाव कायद्याने पुसले गेले ते १९४९ मध्ये. कारण नावावरूनच सामान्य माणसास वाटे की हे कोर्ट पोलिसांचे. शंभर वर्षांपूर्वी अधिकार काढून घेतले, तरी छपराने निर्माण केलेला समज गेला नव्हता. आता तेथे हॉटेल आहे.

मुंबईत मोठ्या इमारतींचा जो काळ आला, त्यात बांधणारांनी अंतराचा विचार मुद्दाम केला होता की जागा मिळेल तेथे ते बांधीत गेले, हे आम्ही सांगू शकत नाही. फळ मात्र चांगले निघाले. १८७८ साली पुरे झालेल्या हायकोर्टाच्या इमारतीस मंजूर रक्कम १६,४७,१९६ रुपये होती आणि प्रत्यक्ष खर्च आला १६,४४,५२८ रुपये. सरकारी बांधकामात २,६६८ रुपये उरले, हे वाक्य आजच्या वाचकांनी दोनदा वाचावे. त्यानंतर जॉन ॲडम्स ह्या एकाच स्थापत्यविशारदाने दोन इमारती दिल्या: आझाद मैदानाजवळचे एस्प्लनेड कोर्ट, म्हणजे आपले किल्ला कोर्ट, आणि क्रॉफर्ड मार्केटसमोरचे पोलीस कमिशनरांचे कार्यालय (१८९४-९६). शैली मिळतीजुळती, दगडही तसाच. परंतु दोहोंमध्ये बराच रस्ता.

ह्या रस्त्याचे महत्त्व १९०८ साली दिसले. त्या वर्षी २४ जून रोजी लोकमान्य टिळकांस सरदारगृहात अटक झाली. सरदारगृह पोलीस कमिशनरांच्या कार्यालयाच्या अगदी समोर. पकडण्यास फक्त रस्ता ओलांडावा लागला. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेट ॲस्टन ह्यांच्यापुढे किल्ला कोर्टात. तेथून डोंगरीच्या तुरुंगात. मग १३ जुलैपासून हायकोर्टात न्यायमूर्ती दावर ह्यांच्यापुढे. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांस लोकांच्या नजरेआड खास गाडीने साबरमतीस नेले. इमारती वेगळ्या होत्या म्हणून न्याय झाला, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पण टिळक स्वतःच्या बचावात एकवीस तासांहून अधिक बोलले ते खुल्या न्यायालयात, वार्ताहरांच्या देखत. आणि बाहेरच्या रस्त्यावर लोक उभे राहू शकत होते. १९५६ साली त्याच न्यायकक्षाबाहेर मुख्य न्यायमूर्ती छागला ह्यांनी टिळकांच्या शब्दांची शिला बसविली. हाच खटला तुरुंगाच्या कोटाआड चालला असता, तर त्या शब्दांपैकी बाहेर किती आले असते?

येथे कोणी म्हणेल, ह्या साऱ्या जुन्या गोष्टी. आता राज्यघटना आहे, अधिकार वेगळे आहेत, मग छप्पर एक असले म्हणून काय बिघडते? ह्यास उत्तर कायद्यातच आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने ठरविले की पोलीस अंमलदारापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालावयाचा नाही. २०२४ च्या जुलैपासून त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, पण हा नियम कायम राहिला. कबुली द्यावयाची असेल तर ती मॅजिस्ट्रेटापुढे. आणि मॅजिस्ट्रेटानेही आधी आरोपीस समजावून सांगावयाचे की बोलण्याची तुजवर सक्ती नाही, त्यास विचार करण्यास अवधी द्यावयाचा, आणि नकार दिल्यास त्यास परत पोलिसांच्या हवाली करावयाचे नाही. म्हणजे कायदाच ठाण्याच्या खोलीवर विश्वास ठेवीत नाही. तो म्हणतो, ह्या माणसास त्या खोलीच्या सावलीतून बाहेर काढा आणि मग विचारा. आता ती खोली बरोबर खालच्या मजल्यावर असेल आणि परतीचा जिना तिच्याच दारावरून जात असेल, तर मॅजिस्ट्रेटांनी कितीही सौम्य शब्दांत समजाविले, तरी आरोपीचे कान कोणत्या पावलांकडे लागतील?

घटनेच्या बाविसाव्या कलमात अटकेपासून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटापुढे उभे करण्याचे बंधन आहे, आणि त्या चोवीस तासांतून प्रवासाचा वेळ वगळला आहे. घटनाकारांनी ठाणे आणि न्यायालय ह्यांतील वाट गृहीतच धरली होती. ती वाट आखूड करणे निःसंशय चांगले. ती मुळीच नाहीशी करणे हे निराळे.

एकत्र बांधणीचा एक प्रयोग ह्याच परिसरात, डोंगरीस, झालेला आहे आणि तो आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो. उमरखाडीचा तुरुंग १८०४ चा. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर तेथे राहिले. आगरकरांनी त्या एकशे एक दिवसांवर पुस्तकच लिहिले. पुढे तुरुंग तेथून गेला आणि १९२७ साली स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीच्या छत्राखाली त्या जागेत मुलांचे निरीक्षणगृह आले. मुलांच्या प्रकरणांचे मंडळही तेथेच बसते. बालन्यायाचे नियमच असे सांगतात की मंडळाने बसावे ते निरीक्षणगृहात किंवा त्याच्या जवळ, परंतु कोणत्याही परिस्थितीत न्यायालयाच्या वा तुरुंगाच्या आवारात नव्हे. आणि मुलांशी वागणाऱ्या पोलिसाने गणवेशात येऊ नये. जुन्या तुरुंगाच्याच भिंतीत हा नियम पाळला जावा, हा योगायोग गमतीचा खरा. पण पाहावे असे हे की येथे एकत्र येण्याच्या अटी आधी ठरल्या, आणि घर मुलाच्या दृष्टीने मांडले गेले. पोलिसाने यावे, पण पाहुण्यासारखे.

दुसरा प्रयोग ह्याच्या अगदी उलट. १९२६ च्या सुमारास बांधलेल्या आर्थर रोड तुरुंगाच्या आवारात १९९५ पासून १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा खटला चालला. निकाल देण्यास न्यायमूर्ती कोदे ह्यांनी २००६ च्या सप्टेंबरात आरंभ केला. पुढे २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचा खटलाही तेथेच उभारलेल्या न्यायकक्षात न्यायमूर्ती टहलियानी ह्यांच्यापुढे चालून मे २०१० मध्ये संपला. त्या आरोपीच्या कोठडीपासून न्यायकक्षापर्यंत स्फोटास न बधणारी बंदिस्त वाट बांधली होती. शेकडो माणसांच्या मृत्यूचा जाब घेताना हे आवश्यक होते, ह्यात वाद नाही. आणि दोन्ही खटल्यांची बातमी वार्ताहरांनी देशभर पोहोचविली, हेही खरे. तरीही फौजदारी न्यायालय ज्या जागी बसेल ती जागा खुली मानावी, तेथे जागा असेल तितक्या लोकांस येऊ द्यावे, हे आपल्या फौजदारी प्रक्रियेचे जुने तत्त्व आहे. येथे मात्र खुल्या न्यायालयाचे दार तुरुंगाधिकाऱ्याच्या दाराआड होते. अपवाद म्हणून हे सोसता येते. पुढे कोणी त्याचाच आराखडा म्हणून उपयोग करील, ही आमची धास्ती.

आणि शवागाराविषयी दोन शब्द. जे. जे. रुग्णालयाच्या आवारात पूर्वी कॉरोनरचे न्यायालय भरत असे. संशयास्पद मृत्यूची चौकशी प्रेताच्या जवळच व्हावी, पण पोलिसाने नव्हे तर कॉरोनराने करावी, अशी १८७१ च्या कायद्याची योजना होती. एकत्र असून वेगळे असण्याचा तो उत्तम मासला. मुंबईत हे पद १९९९ मध्ये रद्द झाले. दिरंगाई फार, असे कारण दिले गेले. दिरंगाई होतीच; पण ती गेली तेव्हा पोलिसांच्या शेजारी बसून त्यांस प्रश्न विचारणारा एक स्वतंत्र माणूसही तेथून गेला.

माझगावच्या न्यायालयाची जुनी इमारत धोकादायक ठरल्यामुळे तेथील न्यायालये शिवडीस हलवावी लागली होती, हे अनेकांस आठवत असेल. इमारती अशा पडतात आणि उठतात. उठवावयाच्या वेळी सरकारी वकिलांची कचेरी, आरोपींची तात्पुरती कोठडी, मुद्देमालाची खोली आणि न्यायवैद्यकाच्या डॉक्टरांस बसण्यास जागा ही न्यायालयाच्या आवारात अवश्य असावीत. ठाणे फार तर आवाराच्या भिंतीपलीकडे असावे, त्याचे दार दुसऱ्या रस्त्यावर उघडावे. कोठडीच्या किल्ल्या न्यायालयाच्या अंमलदाराकडे असाव्यात. आरोपीची वाट, न्यायाधीशांची वाट आणि लोकांची वाट ह्या तीन असाव्यात, आणि साक्षीदारास बसण्यास स्वतंत्र खोली असावी. ही शेवटची गोष्ट नकाशात सर्वांत शेवटी येते आणि खर्च कमी करावयाचा झाला की सर्वांत आधी जाते.

आमच्या स्नेह्यांची पाचवी खेप सांगावयाची राहिली. त्या दिवशी मात्र सर्व जमून आले: आरोपी होता, मुद्देमाल होता, अंमलदार होते. पुकारा होईपर्यंत बाहेरच्या अरुंद वाटेतील एकुलत्या बाकावर हे बसले. शेजारी आरोपीचा भाऊ येऊन बसला. दोन तास दोघे एकाच बाकावर होते. भाऊ काही वावगे बोलला नाही. फक्त मधूनच, गाळा अजून तेथेच आहे का, मुलगा कोणत्या शाळेत जातो, असे विचारीत राहिला. आत जाऊन आमच्या स्नेह्यांनी साक्ष दिली. ती कशी दिली, ते त्यांनी आम्हांस सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. एकाच छपराच्या त्यांच्या योजनेविषयी परवा आम्ही पुन्हा छेडले, तेव्हा ते जरा थांबून म्हणाले, "छप्पर एक असू द्या हो. बाक मात्र दोन करा."

त्यांची सहावी तारीख पुढल्या महिन्यात आहे.